शिकारीचा वाटा

इतिहासात शिकार म्हणजे राजाची बंदूक. मुरूडजवळचं फणसाडचं रान जंजिऱ्याच्या नवाबाचं शिकारीचं राखीव रान होतं. १९४८ ला संस्थान विलीन झालं, १९८६ ला रानाचं अभयारण्य झालं. पण बंदुकीसमोर जनावर हाकलून आणलं कुणी?

आमची आजी सांगायची, हाक्याला म्हारवाडा नि कातकरवाडी. मजुरी नाय. वाट्याला मुंडी, खूर, आतडी, कधी मानेचा तुकडा. "भेकराला चरबी नसते, घाई केलीस तर चामडं चावशील," म्हणायची. हळद-मीठ लावून ठेवायचं, मंद जाळावर शिजवायचं, भाजल्या खोबऱ्या-कांद्याचं वाटण, दोन आमसुलं. रानडुकराचे केस जाळून कातडं खरवडायचं. उरलेलं चुलीवर टांगून सुकवायचं.

मेलेल्या ढोराचं मांसही असंच सुकायचं, त्याच चुलीवर. मार्च १९२७ ला महाडला, तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यात, बाबासाहेबांनी ते सोडायला सांगितलं. मित्रांनो, तो हल्ला मटणावर नव्हता, गावाने फेकलेलं उचलण्यावर होता. १९४८ च्या 'द अनटचेबल्स' मध्ये तर त्यांनी अस्पृश्यतेचं मूळच मेलेल्या गाईच्या मांसाशी जोडलं.

मग हाक्याच्या वेठीचा वाटा कशात मोडतो? माझ्या मते तोही फेकलेलाच. आजीला हे पटलं नाही. "त्यात आमचे पाय रक्ताळले व्हते," एवढंच ती म्हणायची.

१९७२ चा वन्यजीव कायदा आला, १९९१ ला परवानेही बंद झाले. ते बरंच झालं. वाड्यावाड्यांतली म्हातारी माणसं आहेत तोवर विचारून घ्या, हाक्याला कोण जायचं, वाटे कोण घालायचं.