एका पदवीचें मोल

विद्वत्तेच्या सर्वोच्च पदवीसाठीं मनुष्यानें किती किंमत द्यावी, हा प्रश्न शिकणाऱ्या मुलांच्या घरीं केव्हां ना केव्हां निघतोच. डॉ. भीमराव आंबेडकर यांच्या चरित्रांत त्याचा जमाखर्च फार स्पष्ट दिसतो.

१९१३ सालीं बडोदें सरकारच्या शिष्यवृत्तीवर ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठांत दाखल झाले. त्या बदल्यांत दहा वर्षें संस्थानची नोकरी करण्याचा करार होता. १९१६ सालीं ते लंडनला गेले. पण लवकरच शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ सालीं अभ्यास अर्धवट टाकून त्यांना परतावें लागलें. महायुद्धाचे दिवस होते. त्यांचे ग्रंथ घेऊन येणारी बोट समुद्राच्या तळाशीं गेली. बडोद्यास अधिकाराची जागा मिळाली, परंतु अस्पृश्य म्हणून राहावयास घर मिळेना. विद्येनें मान आपोआप मिळत नाहीं, हें तेथें कळून चुकलें.

तरीहि त्यांनीं अभ्यास सोडला नाहीं. मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजांतील पगारांतून शिल्लक टाकून, शाहू महाराजांचें साहाय्य आणि नवल भथेना या पारशी मित्राचें कर्ज घेऊन १९२० सालीं ते पुन्हां लंडनला गेले. रुपयाच्या प्रश्नावरील त्यांच्या प्रबंधांत परीक्षकांनीं फेरफार सुचविले. पैसे संपल्यामुळें तें काम त्यांनीं मुंबईस परतून पुरें केलें आणि १९२३ च्या अखेरीस लंडनची डी. एस्सी. मिळविली. कोलंबियाची पीएच. डी. मात्र, प्रबंध छापून सादर करण्याच्या नियमामुळें, १९२७ सालीं हातीं आली.

या चौदा वर्षांत मिळालें काय? १९२५ सालीं हिंदी चलनाची चौकशी करणाऱ्या रॉयल कमिशनपुढें त्यांनीं साक्ष दिली, ती या विषयाचे जाणकार म्हणून. कोलंबियाचा कागद येण्यापूर्वींच त्या अभ्यासाचें फळ देशाच्या कामीं आलें होतें. सुखसोयींच्या मापानें मोजल्यास हा व्यवहार तोट्याचाच ठरेल. पण ज्याला आपला प्रश्न सोडवेनासा होतो, त्याच्यापुरता तो सार्थ आहे.

मात्र हिशेबाची दुसरी बाजू वगळणें अन्यायाचें होईल. पति परदेशीं असतां परळच्या चाळींत रमाबाईंनीं दारिद्र्यांत संसार रेटला. पांच अपत्यांपैकीं एकटे यशवंत वांचले. १९३५ सालीं त्या वारल्या. पदवी घेणाऱ्यानें आपलें सामर्थ्य जोखावें, तसेंच घरांत तिचें मोल कोण भरणार आहे, हेंहि आधीं विचारावें.