घोरपडे आडनावाचे जोशी : आजोबांची वंशावळ आणि कोल्हापूरकडचे कागद

कोल्हापूर परिसरातील पुष्कळ घरांत एक जुनी वही असते. नोकरीतून निवृत्त झालेल्या आजोबांनी गावोगाव फिरून, भाऊबंदांना पत्रे लिहून ती भरलेली असते. पहिल्या पानावर मूळ पुरुष, खाली त्याच्या मुलांच्या फांद्या, फांद्यांना पुन्हा फांद्या. ती वही हाती आलेल्या नातवंडांना उत्सुकता एकाच गोष्टीची असते : आपल्या घराण्यात कोणी नामवंत होऊन गेला काय? या शोधात पहिली फसगत आडनावच करते, आणि तिचे ठळक उदाहरण याच जिल्ह्यात, इचलकरंजीस आहे.

इचलकरंजीच्या जहागीरदारांचे आडनाव घोरपडे. हे नाव ऐकताच कापशीचे सेनापती संताजी घोरपडे आठवतात. मुधोळ, गजेंद्रगड, सोंडूर येथील घोरपडेही त्याच नामवंत मराठा कुळाचे. साहजिकच इचलकरंजीकरांनाही त्याच वृक्षाची एक फांदी मानावेसे वाटते. वस्तुतः इचलकरंजीचे घराणे चित्पावन ब्राह्मणांचे, आणि मूळ आडनाव जोशी.

कोकणातून घाटावर आलेला नारो महादेव जोशी हा तरुण संताजींच्या आश्रयाने वाढला, त्यांच्या पदरी नावारूपास आला. संताजींचा स्वभाव कडक, शिस्त त्याहून कडक. तरी या मुलावर त्यांनी पुत्रवत लोभ केला, असे घराण्याची परंपरा सांगते. १६९७ मध्ये संताजींचा खून झाला. नारो महादेवाने आपल्या धन्याविषयीच्या कृतज्ञतेने घोरपडे हेच आडनाव धारण केले, आणि त्याचे वंशज ते आजवर चालवीत आले. जात एक, आडनाव दुसऱ्या जातीतील स्वामीचे : असा हा दुर्मीळ प्रकार. उपकार फेडण्याच्या अनेक रीती मराठी इतिहासात आढळतात, पण आपल्या साऱ्या पुढच्या पिढ्यांचे नाव देऊन टाकण्याची ही रीत विरळाच म्हणावी लागेल.

याच नारो महादेवाच्या मुलाशी, व्यंकटरावाशी, पेशवा बाळाजी विश्वनाथाने आपली कन्या अनूबाई दिली. ती पहिल्या बाजीरावाची आणि चिमाजी आप्पाची बहीण. पतीच्या पश्चात इचलकरंजीचा कारभार दीर्घकाळ या बाईंच्या हाती राहिला. करवीरकर छत्रपती एका बाजूस आणि पुण्याचे माहेर दुसऱ्या बाजूस, अशा अवघड जागी तिने जहागीर टिकविली. आज एखादा इचलकरंजीकर घोरपडे आपल्या घराण्यातला नामवंत पूर्वज शोधू लागला, तर संताजी रक्ताचे ठरत नाहीत. मात्र पेशव्यांचे रक्त अनूबाईच्या वाटेने येते, आणि ती वाट पुरुषांचीच नावे मांडणाऱ्या वंशावळीत दिसत नाही.

हा उलगडा ज्या ग्रंथाने व्यवस्थित मांडला तो म्हणजे वासुदेवशास्त्री खरे यांचा ‘इचलकरंजी संस्थानचा इतिहास’ (१९१३). खरेशास्त्री मिरजेच्या शाळेत शिक्षक होते. पटवर्धन सरदारांच्या दप्तरातले हजारो कागद वाचून त्यांनी ‘ऐतिहासिक लेखसंग्रहा’चे खंड काढले. पगार बेताचा, काम डोंगराएवढे. घराण्याचा इतिहास ऐकीव गौरवावर उभारायचा नसतो, रुमाल सोडून एकेक कागद लावायचा असतो, हा वस्तुपाठ दक्षिण महाराष्ट्रात त्यांनी घालून दिला.

सर्वसामान्य घराला संस्थानचे दप्तर कोठून असणार? त्याच्यासाठी या भागात हेळवी आहेत. दक्षिण महाराष्ट्र आणि उत्तर कर्नाटकात फिरणारा हा समाज पिढ्यान्‌पिढ्या लोकांच्या वंशावळी सांभाळत आला आहे. सुगीनंतर हेळवी बैलासह दारात येतो, वही उघडतो आणि घराण्याचे मूळ गाव, कुलदैवत, कोणाला किती मुलगे, कोण कोठे जाऊन राहिला, हे धडाधडा म्हणून दाखवितो. नव्याने जन्मलेल्या मुलांची नोंद करून घेतो, धान्य-कापड-पैका घेऊन पुढच्या घरी जातो. कोणती घरे कोणाची, हेही वंशपरंपरेने ठरलेले. इतिहासकारांनी या वह्यांकडे फार उशिरा पाहिले. ज्याने भिक्षुकासारखे दारी यावे, त्याच्यापाशी दस्तऐवज असेल, ही कल्पना शहरी विद्वत्तेला पचली नसावी.

दुसरा आधार तीर्थोपाध्यायांचा. त्र्यंबकेश्वर, नाशिक, पंढरपूर येथे गेलेल्या पूर्वजाचे नाव क्षेत्रोपाध्यायांच्या नामावळीत असते, पुष्कळदा त्याच्याच हस्ताक्षरात. हेळव्याचे बोल स्मरणावर तोलले जातात. येथे मात्र खापरपणजोबांची सही समोर येते, आणि माणूस थबकतो.

तिसरा आधार वतनाच्या कागदांचा, आणि तो सर्वांत धारदार, कारण त्यात पोटाचा प्रश्न होता. पाटीलकी, देशमुखी, कुलकर्ण यांवर वाद उत्पन्न झाला की वादी-प्रतिवादी गोतसभेपुढे आपापला ‘करीना’ मांडीत : आमचा आजा अमुक, त्याने अमुक राजाची अमुक चाकरी केली, म्हणून हे वतन आमचे. घराण्याचा इतिहास हा तेव्हा छंद नव्हता, पुरावा होता. म्हणून त्यात खरे जितके, तितकी वकिलीही असते.

कारीच्या जेधे देशमुखांचा करीना प्रसिद्धच आहे. कान्होजी जेध्यांची स्वराज्यातील कामगिरी त्यात आली आहे. त्याच घरातली ‘जेधे शकावली’ तर साऱ्या महाराष्ट्राच्या उपयोगी पडली. दयाजीराव सर्जेराव जेधे यांनी जतन केलेली ती नोंद लोकमान्य टिळकांच्या हाती आली आणि १९१६ मध्ये छापली गेली. शिवजन्माची तिथी फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१, म्हणजे १९ फेब्रुवारी १६३०, ही तीत सापडली. पुढे वाद पुष्कळ झाले. अखेर २००१ मध्ये राज्य शासनाने तीच तारीख स्वीकारली. एका देशमुखाच्या घरातल्या चार पानांनी राज्याचा उत्सव हलविला.

असे कागद कोल्हापुरात किती उरले? १९१८ मध्ये शाहू महाराजांनी कुलकर्णी वतने बंद करून पगारी तलाठी नेमले. सामान्य रयतेच्या दृष्टीने ते आवश्यकच होते. पण वतन गेले तसे वतनाचे कागद निरुपयोगी ठरले, माळ्यावर पडले, वाळवीला गेले. १९४८ मध्ये गांधीहत्येनंतरच्या दंगलीत कोल्हापूर, सांगली, साताऱ्याकडचे वाडे जळाले. वाड्यांबरोबर दप्तरेही जळाली. अलीकडे पंचगंगा-कृष्णेचे २००५, २०१९ आणि २०२१ चे महापूर घरांत शिरले. जे सरकारी संग्रहात आले तेच सुरक्षित : कोल्हापूरच्या पुरालेखागारात करवीर दरबारचे मोडी रुमाल आहेत, आणि शिवाजी विद्यापीठाने डॉ. आप्पासाहेब पवारांच्या संपादनाखाली ‘ताराबाईकालीन कागदपत्रे’ छापून ठेवली आहेत.

या शोधाला आज पुन्हा पोटाचा संबंध आला आहे. २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेल्यापासून कुणबी नोंदींसाठी जुनी कोतवाल बुके, जन्म-मृत्यूची रजिस्टरे धुंडाळली जाऊ लागली. त्यांतली बरीचशी मोडीत. पणजोबांचे नाव आणि त्यापुढचा एक शब्द, एवढ्यावर नातवाचा दाखला अवलंबून. आणि तो शब्द वाचणारे मोडीवाचक थोडे. करीन्याच्या काळी गोतसभेपुढे उभा राहिलेला कुणबी आणि तहसील कचेरीतील रांगेत उभा राहिलेला त्याचा वंशज, यांच्या हाती कागद साधारण एकाच जातीचा आहे.

आजोबांच्या वहीत आणखी एक खाच असते, ती दत्तकाची. कोल्हापूरच्या गादीइतके तिचे उत्तम उदाहरण नाही. शाहू महाराज जन्माने कागलचे यशवंतराव घाटगे. १७ मार्च १८८४ रोजी आनंदीबाईसाहेबांनी त्यांना दत्तक घेतले आणि वंशावळीत ते भोसले झाले. त्यांच्या मातोश्री राधाबाई मुधोळच्या घोरपड्यांच्या कन्या. म्हणजे या भोसले राजाच्या अंगी जन्माने घाटग्यांचे आणि घोरपड्यांचे रक्त. पुढे १९४७ मध्ये गादीवर दत्तक आलेले देवासचे विक्रमसिंहराव, म्हणजेच छत्रपती शहाजी महाराज, हे शाहू महाराजांच्या कन्येच्या कुळातले, तिचे पुत्र. गादीची सलगता कागदावर पुरुषांच्या नावांनी राखली गेली. रक्ताची सलगता राखली ती राधाबाई अक्कासाहेबांनी. वंशवृक्षात त्यांच्यासाठी फांदी काढण्याची पद्धत नव्हती.

म्हणून वही चाळताना ‘दत्तक’ असा शब्द आला, की दोन वंशावळी शोधाव्या लागतात : जेथे मूल गेले तेथली, आणि जेथून आले तेथली. दुसरी बहुधा दुसऱ्याच गावी, दुसऱ्याच हेळव्याच्या वहीत सापडते.