एकाच रस्त्यावरची दोन बिऱ्हाडे

शिकागोच्या हॉल्स्टेड रस्त्यावर, परदेशातून आलेल्या मजुरांच्या वस्तीत, जेन ॲडम्स आणि एलन गेट्स स्टार यांनी १८८९ मध्ये ‘हल हाउस’ हे सेवाकेंद्र उघडले. अमेरिकेतले बालन्यायालय आणि ऑक्युपेशनल थेरपी, म्हणजेच व्यवसायोपचार, या दोन्हींची मुळे इथे सापडतात.

पहिले बालन्यायालय १८९९ मध्ये शिकागोत भरले. त्यामागे हल हाउसच्या ज्युलिया लॅथ्रॉप यांची मोठी खटपट होती. १९०७ मध्ये न्यायालयाची इमारतही हल हाउससमोरच उभी राहिली.

हल हाउसच्या श्रम-संग्रहालयात वस्तीतल्या बायका सूत काढून दाखवत. एका इटालियन मुलीला आपल्या अडाणी आईची लाज वाटे, म्हणून ती वेगळ्या दाराने आत येई. आईच्या हातातली चाती बघायला जमलेली माणसे तिचे कौतुक करताना मुलीने ऐकले, आणि ती आईबरोबर एकाच दाराने येऊ लागली. ॲडम्स यांनी लिहून ठेवलेल्या या प्रसंगात पुढे आलेल्या व्यवसायोपचाराचे बीज आहे.

लॅथ्रॉप यांनी १९०८ मध्ये मनोरुग्णालयातल्या सेवकांसाठी हस्तव्यवसायांचा वर्ग काढला. एलिनर क्लार्क स्लॅगल तिथेच शिकल्या. उठणे, आवरणे, काम, खेळ, विश्रांती असा रुग्णाचा दिवस बांधून देण्याची पद्धत त्यांनी रुजवली. १९१७ मध्ये व्यवसायोपचाराची अमेरिकेतली राष्ट्रीय संस्था स्थापन झाली. फिलाडेल्फियात हे शिक्षण घेतलेल्या कमला निंबकर यांनी १९५० मध्ये मुंबईच्या केईएम रुग्णालयात भारतातले पहिले व्यवसायोपचार विद्यालय सुरू केले.

अमेरिकेत मात्र पहिल्या महायुद्धातल्या जखमी सैनिकांमुळे ही विद्या रुग्णालयांत गेली आणि समोरच्या न्यायालयातली पोरे मागे राहिली. १९७५ च्या अपंग मुलांच्या शिक्षण कायद्याने व्यवसायोपचार सरकारी शाळांत आणला खरा. पण त्याच्या नियमांनी ‘केवळ सामाजिक वर्तन बिघडलेली’ मुले सवलतीतून वगळली. नेहमीच्या शाळेने काढून टाकलेली, पर्यायी शाळांत येऊन पडलेली अनेक मुले नेमकी याच शिक्क्याची. हा मोठाच अन्याय होता.

जिथे व्यवसायोपचारतज्ज्ञ अशा शाळेत पोहोचतात, तिथे काम साध्या गोष्टींपासून सुरू होते: गजर लावून वेळेवर उठणे, बसचा मार्ग शोधणे, नोकरीचा अर्ज भरणे, आणि वर्गातल्या गोंगाटाने डोके भणाणले तर हात उगारण्याआधी उठून कुठे जाऊन बसायचे, हे मुलानेच आधी ठरवून ठेवणे.