तळटीप : उच्चदाब पुरवठा

* हौशी फ्युजरच्या (अणुकेंद्रांचे संलयन घडवणाऱ्या उपकरणाच्या) आतल्या जाळीला २० ते ४० हजार व्होल्टचा ऋण दाब लागतो. प्रवाह काही मिलिअँपिअर पुरतो. भांडुपच्या घरात महावितरणची वीज येते २३० व्होल्टची आणि प्रत्यावर्ती, म्हणून रोहित्र व एकदिशकारक दोन्ही आवश्यक. निऑन पाट्यांचे रोहित्र स्वस्त, पण त्याच्या गुंडाळीचा मध्य बहुधा अर्थिंगला जोडलेला असल्याने जमिनीच्या तुलनेत निम्माच दाब मिळतो. क्ष-किरण यंत्राचे, तेलात बुडवलेले रोहित्र आमच्या मते सरस. फ्युजरमधून न्यूट्रॉन मिळतात, वापरण्याजोगी वीज नाही. वीज तोडल्यावरही धारित्रांत प्राणघातक भार उरतो. जाणकार सोबत असल्याशिवाय वाचकांनी हा प्रयोग कृपया करू नये. — संपादक