विमानस्मृती सायकलयात्रा

महायुद्धांच्या काळातील विमानतळ, विमाने पडलेल्या जागा, वैमानिकांच्या कबरी आणि स्मारके यांना सायकलवरून भेट देत केलेला स्मरणप्रवास. ही शर्यत नसते. वाटेत थांबणे, नावे वाचणे आणि पुढे निघणे हाच तिचा गाभा. बीड तालुक्यातील पाली या गावाचा अशा प्रवासाशी संबंध सांगितला तर नवल वाटेल. पालीत धावपट्टी नाही, हँगर नाही, स्मारकशिळाही नाही. मात्र १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता आणि दोन्ही महायुद्धांत ‘हैदराबाद’ हे नाव लावून ब्रिटिश हवाई दलाच्या तुकड्या लढल्या. त्या नात्यामुळे मराठवाड्यातून निघणाऱ्या वाटेवर ही स्थळे जोडता येतात, म्हणून या नोंदीत पाली हे निघण्याचे ठिकाण धरले आहे.

सायकलचे आणि लष्करी विमानतळांचे नाते जुने आहे. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनमध्ये बाँबफेकी विमानांसाठी जे तळ बांधले गेले त्यांची मुख्य धावपट्टी सुमारे १,८३० मीटर आणि आडव्या दोन धावपट्ट्या प्रत्येकी सुमारे १,२८० मीटर लांबीच्या असत. शत्रूच्या एका हल्ल्यात सगळी विमाने जळू नयेत म्हणून ती कडेकडेने, एकमेकांपासून दूर उभी करत. राहण्याच्या बराकी, भोजनगृह, दुरुस्तीच्या शेड्स अशाच विखुरलेल्या, आणि पेट्रोल मोजून मिळायचे. त्यामुळे मेकॅनिकपासून वैमानिकापर्यंत सगळ्यांचे तळावरचे वाहन म्हणजे सायकल. संध्याकाळी ती भिंतीला टेकवून माणूस विमानात चढे आणि पहाटे परतला तर तिच्यावरूनच न्याहारीला जाई. जे परतत नसत त्यांच्या सायकली पुढच्या तुकडीतल्या कोणाच्या तरी वाट्याला येत. या स्थळांना मोटारीने गेलेल्या माणसाला जे अंतर जाणवत नाही ते सायकलस्वाराला पायांतून कळते, आणि या यात्रांचे खरे समर्थन तेच आहे.

यांपैकी सर्वांत परिचित यात्रा इंग्लंडमधील लिंकनशायरची. बाँबफेकी विमानांचे इतके तळ तिथे होते की त्या परगण्याला ‘बाँबर काउंटी’ असे नाव पडले. १९१९ मध्ये स्थापन झालेला रॉयल एअर फोर्स बेनेव्हलंट फंड हवाई दलातील आजी-माजी सैनिकांना आणि त्यांच्या कुटुंबांना मदत करतो, आणि त्यासाठी निधी जमवायला ‘डॅमबस्टर्स राइड’ भरवतो. जर्मनीतील धरणे फोडण्याच्या ज्या मोहिमेचे नाव या यात्रेला आहे ती १६ मे १९४३ च्या रात्री झाली. स्कॅम्पटनच्या तळावरून १९ लँकॅस्टर विमाने आणि १३३ माणसे निघाली. ८ विमाने परतली नाहीत, ५३ जण मरण पावले, ३ जण कैद झाले. धरणांखालच्या गावांत आणि कैदी मजुरांच्या छावणीत पुराने हजाराहून अधिक माणसे मेली, त्यांत सक्तीने आणलेल्या परदेशी मजुरांची संख्या मोठी होती. स्मरणयात्रेत हा आकडाही वाचला गेला पाहिजे, असे प्रस्तुत लेखकाचे स्पष्ट मत आहे.

हैदराबादचे नाव मात्र याच्या पाव शतक आधी विमानांवर चढले होते. ब्रिटिश हवाई दलाची ११० वी स्क्वाड्रन १ नोव्हेंबर १९१७ रोजी उभी राहिली. तिला मिळालेली पहिली डी.एच. ९ए विमाने सातवे निजाम मीर उस्मान अली खान यांनी भेट दिलेली होती. प्रत्येक विमानावर तसा मजकूर रंगवलेला असे, त्यामुळे तुकडीला ‘हैदराबाद स्क्वाड्रन’ म्हणू लागले. सप्टेंबर १९१८ मध्ये ती फ्रान्समधून जर्मनीवर दिवसा लांब पल्ल्याचे हल्ले करू लागली. लाकडी सांगाडा, त्यावर कापड, उघड्या खोबणीत मागेपुढे बसलेली दोन माणसे, आणि खाली फ्रँकफर्ट किंवा मानहाइम. युद्ध संपायला जेमतेम दोन महिने उरले होते. तेवढ्यात या तुकडीने १७ विमाने शत्रूच्या हद्दीत गमावली आणि आणखी २८ मोडली.

निजामाने दिले म्हणजे कोणी दिले, हा प्रश्न पालीच्या माणसाने विचारावा असा आहे. संस्थानात दिवाणी मुलूख होता, सर्फ-ए-खास म्हणजे निजामाची खासगी मालमत्ता होती, जहागिऱ्या होत्या. पैसा कोणत्याही खात्यातून गेला असो, तो अखेर जमिनीतून येत होता. बालाघाटाच्या हलक्या रानात ज्वारी-बाजरी काढणाऱ्या कुणब्याचा सारा त्या तिजोरीत पडत होता. त्याच्या पैशाचे विमान राइनवर उडाले, आणि त्याला विमान कसे दिसते हेही ठाऊक नव्हते.

त्या भेटीतले एक विमान आजही पाहता येते. एफ १०१० या क्रमांकाच्या या विमानाला ५ ऑक्टोबर १९१८ रोजी जर्मन हद्दीत उतरावे लागले. कॅप्टन इंग्लिस आणि सेकंड लेफ्टनंट बॉडली कैद झाले. जर्मनांनी ते बर्लिनच्या विमानसंग्रहालयात ठेवले. दुसऱ्या महायुद्धात बर्लिनवर बाँब पडू लागल्यावर संग्रहालयातील काही विमाने पूर्वेकडे हलवली गेली, त्यांत हेही होते. ते पोलंडमध्ये राहिले, क्राकोच्या संग्रहालयात गेले आणि १९७७ मध्ये एका स्पिटफायर विमानाच्या बदल्यात ब्रिटनला परत आले. डागडुजीनंतर ते लंडनजवळ हेंडन येथील हवाई दल संग्रहालयात उभे राहिले. त्याच्या कुशीवर निजामाच्या भेटीचा मजकूर आहे. मराठवाड्यातला माणूस लंडनला गेला तर त्याने संग्रहालयाच्या त्या दालनात जरूर थांबावे. आपल्या जिल्ह्याच्या इतिहासाचा एवढा जपलेला अवशेष बीडमध्येही सहज सापडणार नाही.

दुसऱ्या महायुद्धात आणखी दोन तुकड्यांना हे नाव मिळाले. १५२ वी (हैदराबाद) स्क्वाड्रन १९४० च्या उन्हाळ्यात इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील वॉर्मवेल तळावरून स्पिटफायर घेऊन पोर्टलंडच्या नौदल बंदराचे रक्षण करत होती. तिचे चिन्ह निजामाचे शिरोभूषण आणि घोषवाक्य ‘विश्वासू मित्र’ या अर्थाचे, म्हणजे इंग्रजांनी निजामाला दिलेल्या किताबाचेच शब्द. पुढे हीच तुकडी ब्रह्मदेशाच्या आघाडीवर आली. २५३ वी हरिकेन विमाने उडवत होती. वॉर्मवेलच्या तळाचे आता फारसे काही उरलेले नाही, पण गावच्या चर्चच्या आवारात हवाई दलाच्या माणसांच्या कबरी आहेत आणि तिथवरचे अरुंद, झाडीचे रस्ते सायकलीसाठीच असावेत असे आहेत.

मराठी यात्रेकरूने फ्रान्समधले एक स्थळ यात जोडावे. मुंबईचे श्रीकृष्ण वेलिणकर पहिल्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलाच्या २३ व्या स्क्वाड्रनमध्ये सॉपविथ डॉल्फिन विमानाचे वैमानिक होते. २७ जून १९१८ रोजी त्यांचे विमान पाडले गेले आणि तीन दिवसांनी त्यांचा मृत्यू झाला. जर्मनांनी क्रुसावर नाव चुकीचे लिहिल्यामुळे कबर ओळखायला वेळ लागला. आमियां शहराच्या आग्नेयेला हांगार या खेड्यातील लष्करी दफनभूमीत ती आहे. घरच्या माणसांना हजारो मैलांवर बसून पत्रांवर पत्रे धाडावी लागली, तेव्हा कुठे त्या दगडावर योग्य नाव आले, हे तिथे उभे राहिल्यावर आठवते.

देशातली वाट पालीहून दोन दिशांना फुटते. पाली बीडच्या दक्षिणेला, धुळे–सोलापूर महामार्गावर, बिंदुसरा धरणाच्या शेजारी आहे. निघायला सप्टेंबर उत्तम. चांगला पाऊस झालेल्या वर्षी धरणाच्या सांडव्यावरून पाण्याची चादर पडत असते, दोन्ही बाजूंना सोयाबीन आणि तूर उभी असते आणि मांजरसुंब्याच्या घाटात ऊन अजून मारत नाही. शिवाय १५ सप्टेंबर हा ब्रिटनच्या हवाई लढाईचा स्मृतिदिन आणि १७ सप्टेंबर हा मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन, म्हणजे एकाच आठवड्यात दोन्ही आठवणी येतात.

मांजरसुंब्याहून पूर्वेला केजमार्गे अंबाजोगाई लागते. निजामी अमदानीत हे मोमिनाबाद, घोडदळाची छावणी. हैदराबाद संस्थानाविरुद्धच्या सप्टेंबर १९४८ च्या कारवाईत, जिला गावोगावची म्हातारी माणसे ‘पोलिस ॲक्शन’ म्हणत, भारतीय सैन्याला इथे निजामाच्या गोवळकोंडा लान्सर्सचा नावापुरता प्रतिकार झाला आणि मग शरणागती. त्या मोहिमेचा हवाई भाग फारसा सांगितला जात नाही. संस्थानाची नाकेबंदी असताना सिडनी कॉटन हा ऑस्ट्रेलियन वैमानिक कराचीहून लँकॅस्ट्रियन विमानांनी रात्री शस्त्रे आणून बीदर, वरंगळ या धावपट्ट्यांवर उतरवत होता. ब्रिटनमध्ये पुढे त्याच्यावर खटला होऊन २०० पौंड दंड झाला. मोहीम सुरू होताच भारतीय हवाई दलाच्या टेम्पेस्ट विमानांनी या धावपट्ट्यांवर बाँब टाकले आणि पायदळाच्या वाटेतले मोर्चे मोडले. अंबाजोगाईहून लातूर, उदगीरमार्गे बीदरला जाता येते. तिथे आज हवाई दलाचे प्रशिक्षण केंद्र आहे.

दुसरी वाट पाटोदा, जामखेड, अहिल्यानगर करून पुण्याला जाते. मुंबईच्या संरक्षणासाठी १९३९ मध्ये बांधलेला लोहगाव तळ हा लष्करी असल्याने बाहेरूनच पाहावा, छायाचित्रे घेऊ नयेत. मनाने थांबण्याची जागा खडकीची. होळकर पुलाजवळच्या युद्ध दफनभूमीत दुसऱ्या महायुद्धातील १,६६८ सैनिकांच्या कबरी एका मापाच्या दगडांखाली आहेत. हवाई दलाच्या दगडावर पंख पसरलेल्या गरुडाचे चिन्ह कोरलेले असते, त्यावरून तो ओळखता येतो. गवत कापलेले, कडेला फुलझाडे, आणि दगडावर वय लिहिलेले. बरीचशी वये विशीतली.

महाराष्ट्रातील इतर जागा विखुरलेल्या आहेत. कल्याणजवळ नेवाळीची धावपट्टी महायुद्धात शेतजमिनी घेऊन बांधली गेली. त्या जमिनी परत मिळाव्यात म्हणून २०१७ मध्ये शेतकऱ्यांचे मोठे आंदोलन झाले. तिथे गेलेल्याने आधी शेतकऱ्यांशी बोलावे, सिमेंट मग पाहावे. गोंदियाजवळची बिरसी हीसुद्धा त्याच काळातली.

सामानाबद्दल एवढेच. बालाघाटात खरा शत्रू चढ नसून बाभळीचा काटा आहे. रस्त्याच्या कडेला सायकल उतरवली की तो टायरमध्ये जातो आणि काही किलोमीटर गेल्यावर हवा बसू लागते. दोन जादा ट्यूब, ठिगळे, सोल्युशन आणि हातपंप जवळ हवा. भोक सापडत नसेल तर एखाद्या वस्तीवर घमेलेभर पाणी मागावे. ट्यूब त्यात बुडवून बुडबुडा पाहीपर्यंत चार माणसे भोवती जमतात, कुठून आलात, कशासाठी फिरताय हे विचारतात, आणि मग हैदराबादच्या विमानांची हकीकत बांधावर बसून सांगायला मिळते.