कंपनीच्या नावावरचं घर नवरा-बायकोच्या नावावर करायचंय? अमेरिकेतलं ‘क्विटक्लेम डीड’ नेमकं काय असतं?

अमेरिकेत भाड्याने द्यायला घर घेताना अनेक जण ते स्वतःच्या नावावर घेत नाहीत. आधी एक छोटी कंपनी काढतात, तिला तिकडे एलएलसी म्हणतात, आणि घर त्या कंपनीच्या नावावर घेतात. तिथे स्थायिक झालेली मराठी कुटुंबंही याला अपवाद नाहीत. काही वर्षांनी बेत बदलतो. त्याच घरात राहायला जायचं असतं, बँक व्यक्तीच्या नावावर स्वस्त कर्ज देत असते किंवा दरवर्षी कंपनी चालवण्याचा खर्च आणि कागदपत्रं नकोशी होतात. मग इंटरनेटवर उत्तर सापडतं: “क्विटक्लेम डीड करा, एका पानाचं काम आहे.”

पान खरंच एकच असतं. पण त्या एका पानाने काय बदलतं आणि काय बदलत नाही, हे आधी समजून घ्यायला हवं.

क्विटक्लेम डीड म्हणजे काय?

‘या मालमत्तेत माझा जो काही हक्क असेल, तो मी तुम्हाला देतो,’ एवढंच सांगणारा हा दस्त. यातला ‘असेल’ हा शब्द महत्त्वाचा. देणारा मालक आहे की नाही, घरावर कुणाचा बोजा आहे का, याची कसलीही हमी यात नसते. घराची डागडुजी करणाऱ्या कंत्राटदाराने थकलेल्या बिलापोटी बोजा चढवला असेल, तर घरासोबत तोही नव्या मालकाकडे येतो. देणाऱ्याकडे हक्कच नसेल, तर घेणाऱ्यालाही काहीच मिळत नाही.

याउलट ‘वॉरंटी डीड’मध्ये देणारा मालकी स्वच्छ असल्याची हमी देतो. म्हणूनच अनोळखी माणसाकडून घर घेताना वॉरंटी डीड मागतात, तर घरच्या घरी नाव बदलताना क्विटक्लेम चालतं.

बरेच जण याला ‘क्विक क्लेम’ म्हणतात. तो शब्द चुकीचा आहे. इथे ‘क्विट’ म्हणजे हक्क सोडणं.

मग हे आपलं हक्कसोडपत्रच का?

नाव सारखं वाटतं, पण फरक आहे. महाराष्ट्रात हक्कसोडपत्र सहहिस्सेदार एकमेकांसाठी करतात, उदाहरणार्थ बहीण भावासाठी. पुण्यातला फ्लॅट कंपनीच्या नावावर असेल, तर संचालक जोडप्याच्या नावावर करायला साधारणपणे खरेदीखतासारखा वेगळा दस्त आणि त्यावरची स्टँप ड्युटी लागते. अमेरिकेतल्या क्विटक्लेममध्ये घेणारा आधीपासून हिस्सेदार असण्याची अट नाही.

सही कोण करणार?

सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो. कंपनी तुमची असली, तरी घर तुमचं नाही, कंपनीचं आहे. नवऱ्याने देणारा म्हणून स्वतःचं नाव घातलं आणि वैयक्तिक सही केली, तर त्या कागदाने कंपनीचा हक्क हलत नाही. देणारा म्हणून कंपनीचं नाव राज्याच्या नोंदीत आहे अगदी तसंच लिहावं लागतं आणि सही ‘कंपनीच्या वतीने, मॅनेजर’ किंवा ‘मेंबर’ अशी करावी लागते.

हा अधिकार कुणाला आहे, हे कंपनीच्या ‘ऑपरेटिंग अ‍ॅग्रीमेंट’मध्ये लिहिलेलं असतं. आणखी कुणी भागीदार असतील, तर त्यांची लेखी संमती घेऊन ठेवावी.

दस्तात मालमत्तेचं कायदेशीर वर्णन असावं लागतं. नुसता पोस्टाचा पत्ता पुरत नाही, जुन्या डीडमधलं वर्णन शब्दशः उतरवतात. सही नोटरीसमोर होते. फ्लोरिडासारख्या राज्यात दोन साक्षीदारही लागतात. मग दस्त काउंटीच्या कार्यालयात नोंदवायचा.

एक क्रम मात्र चुकवू नये: आधी दस्त, नंतर कंपनी बंद. कंपनी आधीच गुंडाळली, तर देणाराच उरत नाही आणि साधं काम किचकट होऊन बसतं.

दोघांची नावं कशी लिहायची?

‘नवरा आणि बायको’ एवढं लिहून भागत नाही. मालकी कोणत्या प्रकारची, हे दस्तात स्पष्ट लिहावं. मुख्य प्रकार असे:

- टेनन्सी इन कॉमन: प्रत्येकाचा हिस्सा वेगळा. एकाच्या मृत्यूनंतर त्याचा हिस्सा त्याच्या वारसांकडे जातो.
- वारसाहक्कासह जॉइंट टेनन्सी: एक गेल्यावर संपूर्ण घर आपोआप दुसऱ्याचं होतं.
- टेनन्सी बाय द एन्टायरटी: फक्त विवाहित जोडप्यांसाठी आणि काही राज्यांतच. अनेक ठिकाणी एकट्या जोडीदाराच्या कर्जापोटी देणेकऱ्यांना या घराला हात लावता येत नाही.
- कम्युनिटी प्रॉपर्टी: कॅलिफोर्निया, टेक्सास, वॉशिंग्टन, अ‍ॅरिझोना यांसह 9 राज्यांत लग्नानंतरची कमाई सहसा दोघांची मानतात. मालकीचे नियमही त्याला धरूनच असतात.

या एका ओळीवर उद्या घर कुणाकडे जाणार हे ठरतं. छापील फॉर्म भरताना बहुतेकांची नजर नेमकी याच ओळीवरून निसटते.

घरावर कर्ज असेल तर?

डीडने मालक बदलतो, कर्जदार नाही. कर्ज ज्याच्या नावावर होतं, त्याच्याच नावावर राहतं.

शिवाय बहुतेक कर्जांच्या करारात ‘ड्यू ऑन सेल’ नावाचं कलम असतं. बँकेला न विचारता मालकी बदलली, तर बँक उरलेलं सगळं कर्ज एकदम मागू शकते. 1982 च्या ‘गार्न-सेंट जर्मेन’ कायद्याने राहत्या घरांसाठी काही सवलती दिल्या आहेत. उदाहरणार्थ, जोडीदार किंवा मुलं मालक झाली तर बँकेला हे कलम वापरता येत नाही. पण कंपनीने तिच्या मालकांना घर देणं त्या यादीत नाही. म्हणून आधी बँकेची लेखी परवानगी घ्यावी.

टॅक्स लागतो का?

“पैसे घेतलेच नाहीत, मग टॅक्स कसला?” हा समज महागात पडू शकतो.

पहिला प्रश्न राज्याच्या हस्तांतरण कराचा. फ्लोरिडात बहुतेक काउंट्यांमध्ये दर 100 डॉलरमागे 70 सेंट लागतात आणि घरावरचं शिल्लक कर्जही मोबदल्यात धरलं जातं. कर्ज 2 लाख डॉलर असेल, तर कर होतो 1,400 डॉलर.

दुसरा प्रश्न प्रॉपर्टी टॅक्सचा. कॅलिफोर्नियात 1978 च्या प्रपोझिशन 13 मुळे जुन्या मालकांचा कर कमी राहतो, पण मालकी बदलली की घराचं नव्याने मूल्यांकन होऊ शकतं. कंपनीत ज्याचा जेवढा हिस्सा होता तेवढाच घरात राहिला, तर यातून सूट मिळते. ती योग्य फॉर्म भरून मागावी लागते.

तिसरा आणि सगळ्यात मोठा प्रश्न: टॅक्स खात्याच्या लेखी तुमची कंपनी कोण आहे?

- एकाच मालकाची साधी एलएलसी असेल, तर आयआरएस सहसा तिला वेगळं मानतच नाही.
- दोघांची असेल, तर ती सहसा भागीदारी धरली जाते. घर मालकांना देताना बहुतेक वेळा लगेच टॅक्स लागत नाही.
- कंपनीने ‘एस कॉर्प’ किंवा ‘सी कॉर्प’ म्हणून टॅक्स भरायचं निवडलं असेल, तर घर बाजारभावाने विकल्यासारखा हिशोब होतो. 3 लाखांचं घर आज 5 लाखांचं असेल, तर हातात एक डॉलरही न येता किमान 2 लाखांचा नफा दाखवावा लागतो.

कंपनी एकट्या नवऱ्याची किंवा एकट्या बायकोची असेल, तर गिफ्ट टॅक्सही पाहावा. घेणारा जोडीदार अमेरिकी नागरिक असेल, तर भेटीला मर्यादा नाही. नागरिक नसेल, तर वार्षिक मर्यादा असते (2025 साठी ती 1,90,000 डॉलर होती) आणि दस्तात मालकीचा कोणता प्रकार लिहिला, त्यानुसारही हिशोब बदलतो. एच-1बी किंवा ग्रीन कार्डवर असलेल्या कुटुंबांनी हा मुद्दा नक्की तपासावा.

काय हातचं जाऊ शकतं?

घर कंपनीच्या नावावर ठेवण्याचं मुख्य कारण संरक्षण असतं. भाडेकरू जिन्यावरून पडला आणि त्याने मालक म्हणून कंपनीवर दावा केला, तर जोडप्याची इतर बचत सहसा सुरक्षित राहते. घर स्वतःच्या नावावर आलं की पुढच्या दाव्यांसाठी ही ढाल उरत नाही. कंपनीवर आधीच देणी असतील, तर देणेकरी हे हस्तांतरण कोर्टात आव्हान देऊन रद्दही करून घेऊ शकतात.

घर घेताना काढलेला टायटल इन्शुरन्स कंपनीच्या नावावर असतो. क्विटक्लेमनंतर त्याचं संरक्षण संपू शकतं, म्हणून आधी टायटल कंपनीला विचारावं. घराचा विमाही नव्या मालकांच्या नावावर करून घ्यावा, नाहीतर आग लागली की मालक वेगळा आणि विमेदार वेगळा असा वाद उभा राहतो.

टेक्सासमध्ये तर क्विटक्लेमकडे संशयानेच पाहतात. पुढे घर विकताना अडचण नको म्हणून तिथे बरेचदा दुसऱ्या प्रकारचं डीड वापरलं जातं.

थोडक्यात

सही करण्याआधी चार दारं ठोठावा: बँक, टायटल कंपनी, विमा कंपनी आणि टॅक्स सल्लागार. दस्त मात्र घर ज्या राज्यात आहे तिथल्या वकिलाकडूनच तपासून घ्या, कारण नियम तिथले लागतात, तुम्ही राहता तिथले नाहीत. चौघांकडून हिरवा कंदील मिळाला, तर क्विटक्लेम खरंच सोपं आणि स्वस्त काम आहे. न विचारता केलं, तर त्या एका पानाची किंमत पुढे कित्येक वर्षं मोजावी लागू शकते.