'लिबर्टी' : एका चित्रपटगृहाची कहाणी



'आपल्या शहरातील एक ऐतिहासिक वास्तू' या विषयावर मी एकदा वर्गात निबंध लिहावयास सांगितला. कुणी किल्ला निवडला, कुणी मशीद, कुणी रेल्वे स्टेशन. एका मुलाने मात्र चित्रपटगृह निवडले आणि सारा वर्ग हसला. "सर, सिनेमा थिएटरला कसला आलाय इतिहास?" या प्रश्नाचे उत्तर मी तेव्हा घाईघाईत दिले. आज ते नीट द्यावे म्हणून हा लेख.

सिनेमा पाहावा की पाहू नये, हा ज्याच्या त्याच्या घरचा प्रश्न आहे. परंतु इमारत वाचता येणे हा शिक्षणाचाच भाग होय. मुंबईत मरीन लाइन्सला बॉम्बे हॉस्पिटलजवळ 'लिबर्टी' उभे आहे. तेथे क्षणभर थांबा आणि मान वर करून पाहा.

प्रथम त्या काळाकडे वळू. १९३३ साली 'रीगल' आणि १९३८ साली 'इरॉस' व 'मेट्रो' ही चित्रपटगृहे मुंबईत सुरू झाली. थंड हवा, गुबगुबीत खुर्च्या, संगमरवरी जिने असा त्यांचा थाट! पण तेथे पडद्यावर प्रामुख्याने इंग्रजी चित्रपट असत. चित्रपट आपल्या भाषेतले, प्रेक्षकही आपलेच, मग उत्तम वास्तू मात्र परक्या भाषेसाठी का?

हबीब हुसेन नावाच्या व्यापाऱ्याने या प्रश्नाला इमारत बांधूनच उत्तर दिले. हिंदी चित्रपटांसाठी कोणाहून कमी नसलेले चित्रपटगृह उभारण्याचे त्यांनी ठरविले. १९४७ साली काम सुरू झाले. देश स्वतंत्र झाला होता, म्हणून नाव ठेवले 'लिबर्टी', म्हणजेच स्वातंत्र्य.

आराखडा रिडली अ‍ॅबट या वास्तुविशारदाचा. काम अर्धवट असतानाच विमान अपघातात त्यांचे निधन झाले. पुढील काम जे. बी. फर्नांडिस यांनी तडीस नेले आणि अंतर्भागाची सजावट वामन नामजोशी यांनी केली. याच नामजोशींनी पुढे जयपूरचे प्रसिद्ध 'राजमंदिर' (१९७६) घडविले. हुसेन, अ‍ॅबट, फर्नांडिस, नामजोशी ही चार नावे एका ओळीत वाचून पाहा. मुंबई कशी घडली हे समजण्यास वेगळ्या धड्याची गरज उरणार नाही.

या वास्तूची शैली 'आर्ट डेको' म्हणून ओळखली जाते. १९२५ च्या पॅरिस प्रदर्शनानंतर ती जगभर पसरली. जुन्या इमारतींवरील कोरीव मूर्ती व कमानी जाऊन सरळ रेषा, गोलाई आणि पायऱ्यापायऱ्यांची रचना आली. लोखंडी सळ्या घातलेल्या काँक्रीटमुळे मोठी सभागृहे व पुढे झेपावणाऱ्या बाल्कन्या बांधणे सुकर झाले. 'लिबर्टी'च्या दर्शनी भागावर उंच उभा पट्टा असून त्यावर नावाची अक्षरे आहेत. आत लाकडी तक्तपोशीची ऊब आहे. पडद्याच्या दोन्ही बाजूंस, उसळते कारंजे जागच्या जागी गोठावे तशी नक्षी असून तिच्यामागे दिवे दडविलेले आहेत. सुमारे १२०० प्रेक्षक येथे एका वेळी बसू शकत. साध्या तिकिटावर आलेला माणूसही तीन तास या वैभवाचा धनी होई.

२१ मार्च १९४९ रोजी मेहबूब खान यांच्या 'अंदाज'ने पडदा उघडला. १९५७ मध्ये त्यांचाच 'मदर इंडिया' येथे झळकला. १९९४ चा 'हम आप के हैं कौन' तर येथे शंभराहून अधिक आठवडे चालला. पुढे दूरदर्शन संच, व्हिडिओ आणि बहुपडदा चित्रपटगृहे आली आणि एकपडदा चित्रपटगृहांचे दिवस पालटले. कित्येक जमीनदोस्त झाली. वास्तू पडली की तिच्याबरोबर शहराच्या आठवणींचे एक पानही फाटते.

मित्रहो, हबीब हुसेन यांनी तक्रारीचा अर्ज लिहिला नाही. आपल्या भाषेच्या कलेला दुय्यम जागा का, असे वाटले तेव्हा त्यांनी अव्वल दर्जाची जागा बांधली आणि त्यासाठी उत्तमातील उत्तम कारागीर, जात-धर्म न पाहता, एकत्र केले. आपली शाळा, आपले वाचनालय, आपली वहीसुद्धा याच कसोटीवर घासून पाहा. 'आपल्यासाठी एवढे पुरे' हे वाक्य मनातून काढून टाका.

त्या दिवशी हसलेल्या वर्गाला माझे उत्तर एवढेच आहे.